जुनी बिदरी पारखताना
बिदरच्या बिदरी कलेला २००६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले; तरी जुना हुक्का म्हणून रंगवलेले भांडे गळ्यात पडण्याचा धोका उरतोच. खरी बिदरी जस्त व थोड्या तांब्याच्या मिश्रधातूची असते. तिला लोहचुंबक चिकटत नाही आणि ती ॲल्युमिनियमहून बरीच जड लागते. कोरलेल्या खाचांत चांदीची तार ठोकून बसवतात. पुढे किल्ल्यातील माती व नवसागराच्या लेपाने मिश्रधातू काळा पडतो, चांदी मात्र उजळ राहते. हा काळेपणा रंगासारखा पोपडे धरून निघत नाही. पण तो नव्यानेही देता येत असल्याने वयाचा पुरावा ठरत नाही. त्यासाठी हात लागणाऱ्या कडांची झीज पाहावी. सर्वत्र सारखीच झीज संशयास्पद. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार खासगी व्यक्तीस परदेशी पाठवता येत नाही.