चैत्रातले रान आणि परसातला शेजार
फाल्गुन सरता सरता सह्याद्रीच्या पायथ्याची पानझडी राने, म्हणजे कोरड्या दिवसांत पाने गाळून पाण्याची बचत करणारी जंगले, उजाड दिसत असली, तरी निरीक्षणाला हाच काळ सर्वांत सोयीचा असतो, कारण निष्पर्ण फांद्यांवर पक्ष्यांना लपता येत नाही. पळस, पांगारा आणि काटेसावर पालवीआधी फुलतात. त्यांच्या तांबड्या-केशरी फुलांतील मधुरसासाठी मैना, बुलबुल, कोतवाल गर्दी करतात आणि चोचीला, कपाळाला चिकटलेले पराग या झाडावरून त्या झाडावर नेतात. कुसुंबाची कोवळी पालवी मात्र फुलांनाही मागे टाकील इतकी लालभडक असते. हा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा असून पानात हरितद्रव्य वाढू लागले की तो ओसरतो.

परसातही हा ऋतू ऐकू येतो. तांबट पक्ष्याची ‘टुक-टुक’ तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तशी एकसुरी चालते, आणि वाळक्या फांदीत त्याने कोरलेले वाटोळे भोक शोधल्यास सापडते. ‘कुहू’ अशी साद घालतो तो काळा नर कोकीळ. पुढे कावळ्याच्या घरट्यात अंडी घालणारी ठिपकेदार मादी केवळ कर्कश किकाटते, तरीही गोड गळ्याचे श्रेय लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या कोकिळेलाच दिले आहे.