नशिबाची वजाबाकी

क्षयाचा जंतू अंगात वर्षानुवर्षं गुपचूप पडून राहतो. ना ताप, ना खोकला. तो तिथे आहे की नाही, हे छातीठोकपणे सांगणारी एकही तपासणी जगात नाही. मग नवी तपासणी बरोबर की चूक, हे ठरवायचं कशाशी ताडून?

हा पेच २००४ साली वर्ध्याजवळच्या सेवाग्रामात, कस्तुरबा रुग्णालयात, फार देखण्या रीतीने हाताळला गेला. रुग्णालयातले डॉक्टर, सिस्टर, विद्यार्थी अशा ७२६ जणांच्या दोन तपासण्या झाल्या. एक जुनी मॉन्टू. हाताच्या कातडीत टोचायचं, दोन-तीन दिवसांनी गाठ बोटांनी चाचपायची, कडांना पेनाने खूण करायची आणि पट्टीने मिलिमीटर मोजायचे. लाली मोजायची नाही, फक्त कडकपणा. दुसरी नवी आणि महाग: रक्तातलं इंटरफेरॉन गॅमा मोजणारी.

मॉन्टूत सुमारे ४१ टक्के पॉझिटिव्ह निघाले, रक्तात ४० टक्के. दोन्ही तपासण्यांचं उत्तर ८१ टक्के लोकांत जुळलं. आपण इथेच टाळ्या वाजवल्या असत्या. बायोस्टॅटिस्टिशियन मात्र विचारतो, यातलं नुसत्या नशिबाने किती जुळलं?

पाटी घ्या, गंमत आहे. समजा, दोन माणसं रुग्णाकडे न बघताच शिक्के मारत बसली आहेत. एक शंभरात ४१ वेळा ‘हो’ म्हणतो, दुसरा ४०. दोघांचाही ‘हो’ योगायोगाने पडेल तो ४१ टक्क्यांच्या ४० टक्के, म्हणजे साधारण १६ वेळा. दोघांचाही ‘नाही’ ५९ टक्क्यांच्या ६० टक्के, म्हणजे ३५ वेळा. अपूर्णांक धरून बेरीज ५२ च्या आसपास. काहीही न तपासता निम्म्याहून जास्त उत्तरं जुळली!

आता ८१ मधून हे ५२ काढा. उरले २९. शंभरातून ५२ वजा जाता नशिबापलीकडे कमावण्यासारखे होतेच ४८. दशांश सांभाळून भागाकार केला की येतात ०.६१. याला ‘कॅपा’ म्हणतात. जेकब कोहेन या मानसशास्त्रज्ञाने १९६० मध्ये मांडलेलं हे माप. शून्य म्हणजे निव्वळ योगायोग, एक म्हणजे पूर्ण एकमत. ०.६१ हा आकडा चांगलाच म्हणायचा.

पण दोन्ही तपासण्या मिळून चुकत असतील तर? म्हणून या अभ्यासात आणखी एक आडवाट धरली गेली, आणि मला तीच सगळ्यात हुशारीची वाटते. जंतू दिसत नाही, पण रुग्णांत घालवलेली वर्षं तर मोजता येतात. वय आणि नोकरीची वर्षं जितकी जास्त, तितकं पॉझिटिव्ह निघण्याचं प्रमाण जास्त, आणि हे दोन्ही तपासण्यांत दिसलं. लहानपणीच्या बीसीजी लसीमुळे मॉन्टू बिघडते, ही शंका जुनीच. इथे लसीचा फारसा परिणाम आढळला नाही.

मधुकर पै, रजनीश जोशी आणि सहकाऱ्यांचा हा निबंध २००५ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. तपासलेल्या लोकांपुरत्या दोन्ही तपासण्या तुल्यबळ दिसतात. कुठली घ्यायची ते लोक, हेतू आणि हाताशी असलेली साधनं बघून ठरवा, असं त्यात म्हटलं होतं. पुढे २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही सांगितलं, की गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांनी मॉन्टूच्या जागी महागडी रक्ततपासणी आणू नये.