तार बदलली, गाडी निवृत्त झाली

भिवंडीत अजून लोकल येत नाही. आमचे भिवंडी रोड स्टेशन दिवा-वसई मार्गावर. तिथून मोजक्याच गाड्या जातात. मुंबई गाठायची तर एसटीने किंवा शेअर रिक्षाने कल्याण नाहीतर ठाणे गाठायचे आणि मग लोकल पकडायची. तरीही लोकलविषयी मला बोलावेसे वाटते, त्याला माझा धंदा कारण आहे. मी यंत्रमागांच्या मोटारी रिवायंड करतो. त्यामुळे डब्यात बसलो की माझे कान खाली, चाकांजवळच्या मोटारीकडे असतात.

९ एप्रिल २०१६ च्या रात्री हार्बर मार्गावर कुर्ल्याहून मुंबईच्या सीएसटी स्थानकाकडे मुंबईतली शेवटची डीसी लोकल धावली. डीसी म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी तेव्हाच्या व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याला हार्बर मार्गाने देशातली पहिली विजेची गाडी गेली, ती याच १,५०० व्होल्ट डीसीवर. म्हणजे या विजेने मुंबईची ९१ वर्षे सेवा केली. पहिल्या गाड्या परदेशातून आल्या. पुढे कोलकात्याची जेसप कंपनी आणि पेरांबूरची इंटिग्रल कोच फॅक्टरी डबे बांधू लागली.

पुष्कळांना वाटते, गाड्या जुन्या झाल्या म्हणून काढल्या. ते अर्धेच खरे आहे. मोटार जळली तर पुन्हा गुंडाळता येते, चाक झिजले तर बदलता येते. मुख्य कारण डोक्यावरच्या तारेत होते.

१९२५ साली डीसीच का निवडली? सुटताना जोरदार ओढ देणारी आणि वेग सहज आवरता येणारी मोटार तेव्हा डीसीचीच होती. एसी वीज घेऊन तिची गाडीतच डीसी करील असे आटोपशीर उपकरण हाताशी नव्हते. म्हणून ते काम रुळांशेजारच्या उपकेंद्रांत व्हायचे.

पण दाब कमी असला की तेवढ्याच शक्तीसाठी करंट जास्त लागतो. घरातल्या नळाला दाब नसेल तर जाड पाइप टाकावा लागतो, तसेच. २५,००० व्होल्टच्या तुलनेत १,५०० व्होल्टवर करंट जवळजवळ सतरापट. म्हणजे तार जाड, तारेतले नुकसान जास्त आणि दर काही किलोमीटरवर उपकेंद्र. गाडी नऊ डब्यांची बारा डब्यांची झाली, दोन गाड्यांमधले अंतर कमी झाले आणि भूक वाढतच गेली. मुंबईत नव्या उपकेंद्रांना जागा तरी कुठून आणायची?

रेल्वेने १९५७ मध्येच देशासाठी २५,००० व्होल्ट एसी ठरवली होती. मुंबई मात्र मागे राहिली, कारण इथे रोजची वाहतूक थांबवून तार बदलणे शक्य नव्हते. म्हणून आधी दोन्ही विजांवर चालणाऱ्या गाड्या आणल्या. २००७ च्या नोव्हेंबरात सुरू झालेल्या पांढऱ्या-जांभळ्या गाड्या त्यांतल्याच. वर कोणतीही वीज असो, त्या धावणार. मग टप्प्याटप्प्याने तार बदलत गेली. पश्चिम रेल्वेचे काम २०१२ मध्ये संपले, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गाचे २०१५ मध्ये आणि हार्बरचे २०१६ मध्ये. अधिक दाबाच्या तारेला वर मोकळी जागा जास्त लागते. सँडहर्स्ट रोडजवळचा ब्रिटिश काळातला हँकॉक पूल जानेवारी २०१६ मध्ये पाडला, त्यामागे हेही कारण होते.

आता माझ्या आवडीचा भाग. जुन्या लोकलची मोटार कम्युटेटर आणि कार्बन ब्रशची. ब्रश झिजतात, ठिणग्या उडतात, सतत देखभाल लागते. सुटताना वीज रोधकांतून जायची आणि बराच भाग नुसती उष्णता होऊन वाया जायचा. आपल्याला बसणारे ते लागोपाठ हिसके म्हणजे रोधक एकेक करून बाजूला होत असल्याची खूण. नव्या गाडीत थ्री-फेज मोटार आहे. तिला ब्रश नाहीत. ब्रेक लावताना तीच मोटार जनित्र बनते आणि वीज तारेत परत देते. आणि गंमत पाहा, आमच्या भिवंडीच्या मागाला फिरवणारी मोटारही थ्री-फेजच! आकार लहान, पण कुळी एक. मागाची मोटार एकाच वेगाने फिरली तरी चालते. लोकलला मात्र क्षणाक्षणाला वेग बदलावा लागतो. ते साधणारी इलेक्ट्रॉनिक उपकरणे आली, तेव्हा कुठे ही मोटार लोकलखाली बसली.

काही डीसी गाड्यांची आतली यंत्रणा बदलून त्यांना दुसरा जन्म मिळाला. बाकीच्या मोडीत गेल्या.

भिवंडीत सध्या हाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा आहे. धोट्याचे जुने माग चालतात, दुरुस्तही होतात. पण बाजार धोट्याविना चालणाऱ्या मागांकडे वळला आहे. यंत्र चांगले असूनही भोवतालची व्यवस्था बदलली की ते निवृत्त होते, हे मला लोकलने शिकवले. पण तिने आणखीही एक गोष्ट शिकवली. रेल्वेने जुने काढण्याआधी दोन्हीकडे चालणारी गाडी रुळावर आणली, म्हणून एवढा बदल होऊनही लाखो लोक कामावर पोहोचत राहिले. माग बदलतानाही कामगाराच्या हाताला अशी मधली वाट मिळायला हवी. लोखंड भंगारात विकता येते. तीस वर्षे माग चालवलेल्या माणसाचे काय करायचे, हे आधी ठरवावे लागते.