विराट येणार होती, गुलदार आली

सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती पाण्याखाली खडक पसरलेले आहेत. वाट ठाऊक असलेला तांडेल नसेल तर चांगल्या गलबताचा तळ फाटतो. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी कुरटे बेट हेरलं, त्यात या खडकांचाही वाटा होता. फौज उतरवायची तर होडी किनाऱ्याला लागली पाहिजे, आणि ती कुठे लागेल हे समुद्राचा तळ ठरवतो.

हा हिशेब १९५६ मध्ये सुवेझला मोडला. ब्रिटिशांनी ‘ओशन’ आणि ‘थीसियस’ या नौकांवरून मरीन सैनिक हेलिकॉप्टरनं पोर्ट सैदला उतरवले. मग काही जुन्या विमानवाहू नौका ‘कमांडो कॅरिअर’ झाल्या. त्यांतल्या ‘हर्मीस’वरचं विमानं उडवायचं कॅटापल्ट १९७१ ते ७३ मध्ये काढून तिथे हेलिकॉप्टरं आणि शेकडो मरीन यांची सोय केली. पुढे तिला सी हॅरियर विमानं मिळाली, आणि १९८७ मध्ये ती आपली ‘विराट’ झाली. जुनं काम मात्र सुटलं नाही: १९८९ मध्ये श्रीलंकेतल्या पेचप्रसंगात गढवाल रायफल्सचे जवान हेलिकॉप्टरनं तिच्यावर नेले गेले. केवळ याच कामासाठी बांधलेली हेलिकॉप्टरवाहू नौका आजही आपल्याकडे नाही. २००७ मध्ये अमेरिकेकडून घेतलेली ‘जलाश्व’ त्यातल्या त्यात जवळची.

६ मार्च २०१७ रोजी विराट निवृत्त झाली. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं तिला याच सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरच्या निवतीजवळच्या समुद्रात उभी करून संग्रहालय करायचा ८५२ कोटींचा प्रस्ताव मंजूर केला. तो कागदावरच राहिला. २०२० मध्ये विराट अलंगला गेली, ३८ कोटी ५४ लाखांच्या भंगाराच्या भावानं. वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर सव्वादोनशे मीटरचं लोखंड खाऱ्या पाण्यात तरंगत ठेवून, दर पावसाळ्यानंतर त्याचा गंज खरवडायला पैसे कोण देणार होतं?

निवतीच्या वाट्याला आली ‘गुलदार’. पोलंडमधल्या गिदिनियाची, १९८५ ची, जेमतेम ८४ मीटर लांब. तिची तऱ्हा उलटी: ही नौका नाक थेट पुळणीवर चढवते, पुढचे दरवाजे उघडते आणि रणगाडे बाहेर काढते. हेलिकॉप्टरसाठी मध्यावर एक छोटा चौथराही आहे. जानेवारी २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरला ती निवृत्त झाली, फेब्रुवारी २०२५ मध्ये कारवारला राज्याच्या पर्यटन महामंडळाच्या ताब्यात आली आणि तिथून विजयदुर्गला. बेत तिला निवतीजवळ बुडवून बुडी मारणाऱ्या पर्यटकांना दाखवायचा, तिच्यावर प्रवाळ वाढू द्यायचा. मला हा बेत जास्त पटतो. बुडालेल्या नौकेला रंग लागत नाही. आधी तिच्या टाक्यांतलं तेल मात्र शेवटच्या थेंबापर्यंत उपसावं लागतं.