चीनमधील कागदी चलन : छाप, चांदी आणि पत

कागदी चलनाचा उगम चीनमध्ये झाला. सेचवान प्रांतात लोखंडी नाणी चालत. ती फार जड असल्यामुळे व्यापारी ठेवीच्या पावत्यांवर व्यवहार करू लागले. इ.स. १०२४ मध्ये सुंग राजवटीने अशा नोटा स्वतः काढण्यास प्रारंभ केला. पुढे कुब्लाई खानाच्या युआन राजवटीने त्या साम्राज्यभर चालविल्या. मार्को पोलो व इब्न बतूता या दोन्ही प्रवाशांनी या चलनाचे वर्णन केले आहे.

मिंग राजवटीने १३७५ मध्ये नव्या नोटा काढल्या. परंतु त्यांच्या मोबदल्यात चांदी देण्याची सोय ठेवली नाही. त्यामुळे त्यांची किंमत घसरत गेली आणि पंधराव्या शतकात चांदीने त्यांची जागा घेतली.

हा अनुभव लक्षात घेऊन चिंग राजवट दीर्घकाळ नोटांपासून दूर राहिली. मात्र ताइपिंग बंडखोरांनी १८५३ मध्ये नानजिंग घेतले आणि युद्धखर्चाने खजिना रिता झाला. त्याच वर्षी सरकारने चांदीत व तांब्याच्या नाण्यांत मूल्य दर्शविणाऱ्या नोटा काढल्या. त्यांच्यामागे पुरेसा साठा नव्हता. करवसुलीत त्या स्वीकारण्यास खुद्द अधिकारीच नाखूश असत. साहजिकच काही वर्षांतच हा प्रयोग फसला.

याच काळात शान्शी प्रांतातील सावकारी पेढ्यांचे कागद मात्र दूरदूरच्या शहरांत वटत होते. फिंगयाओ येथील 'रशंगछांग' ही १८२३ च्या सुमारास सुरू झालेली पेढी त्यांपैकी अग्रगण्य होय. तिचे व्यवहार आपल्याकडील हुंडीसारखे होते. कागदावर बादशहाची मोहोर नव्हती, पण तो दाखविताच रोकड मिळत असे.

सरकारने आधुनिक बँकेचा मार्ग बराच उशिरा धरला. १८९७ मध्ये शांघाय येथे शंग श्वानह्वाय यांच्या पुढाकाराने पहिली आधुनिक चिनी बँक निघाली. १९०५ मध्ये महसूल खात्याची बँक स्थापन झाली व १९०८ मध्ये तिला 'दा चिंग बँक' हे नाव मिळाले. १९१० मध्ये चांदीचा युआन प्रमाण नाणे ठरविण्यात आला. परंतु १९११ च्या क्रांतीमुळे ही सुधारणा अपुरीच राहिली. १९१२ मध्ये दा चिंग बँकेच्या जागी 'बँक ऑफ चायना' आली.

नोटेचे मूल्य कशावर ठरते, हे विद्यार्थ्यांना समजावून देण्यासाठी हा इतिहास उपयुक्त आहे. नोट छापणे राजसत्तेच्या हाती असते. ती वटेल हा भरवसा मात्र वचन पाळूनच मिळवावा लागतो.