भोंगा सोसतो, पण कॉलर टोचते



या पानावर आम्ही नेहमी बेणे, लागण, खत आणि पाणी यांविषयी लिहितो. आजचा विषय निराळा आहे. तो आमच्याच हातून झालेल्या एका चुकीमुळे सुचला.

लागणीच्या नोंदी चालू असताना एक सभासद आपल्या दहा वर्षांच्या मुलाला घेऊन गट ऑफिसात आले. पोरगं सारखं डोळे मिचकावत होतं, मान झटकत होतं, नाकानं सूं-सूं करत होतं आणि मधूनमधून शर्टाची कॉलर ओढत होतं. आम्ही चढ्या आवाजात म्हणालो, "बाळ, चाळे पुरे. नीट उभा राहा." झाले! मान आणखीच जोराने उडू लागली. वडील ओशाळून म्हणाले, "साहेब, तो मुद्दाम नाही करत. कारखान्याचा भोंगा वाजला तरी त्याले काही होत नाही. पन कालर टोचते म्हनते. अन् तुमचा हा पंखा कुरकुरते ना, तेही त्याले सहन होत नाही."

भोंगा चालतो आणि पंखा चालत नाही, हे आम्हांस पटले नाही. पोराचे लाड चालले आहेत, असेच वाटले. पुढे आरोग्य शिबिरात डॉक्टरांना विचारले, थोडे वाचले, तेव्हा कळले की वडिलांचे म्हणणे अक्षरशः खरे होते.

हे झटके कसले?

अशा झटक्यांना डॉक्टर 'टिक' म्हणतात. डोळे, मान, खांदे उडणे ही एक तऱ्हा. खाकरणे, नाक ओढणे, आवाज काढणे ही दुसरी. दोन्ही तऱ्हा वर्षाहून अधिक काळ राहिल्या तर त्या विकाराला 'टुरेट' म्हणतात. जॉर्ज जिल द ला टुरेट या फ्रेंच डॉक्टरने १८८५ साली अशा नऊ रुग्णांची माहिती लिहिली, त्यावरून हे नाव पडले. त्रास बहुधा पाच ते सात वर्षांच्या वयात सुरू होतो, दहा-बारा वर्षांच्या सुमारास सर्वांत जास्त असतो आणि पुष्कळांचा वयात आल्यावर कमी होतो. मुलींपेक्षा मुलांत तो अधिक आढळतो. २०१८ सालच्या 'हिचकी' या हिंदी चित्रपटात राणी मुखर्जीने मुंबईच्या शाळेतील अशाच एका शिक्षिकेचे काम केले आहे. काहींनी तो पाहिला असेल.

झटका येण्याआधी अंगात एक कळ दाटते, शिंक येण्यापूर्वी नाकात होते तशी. झटका दिला की क्षणभर बरे वाटते. जोसेफ ब्लिस या रुग्णाने १९८० साली स्वतःच्या या अनुभवाचे बारकाईने वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हापासून डॉक्टरांचे लक्ष या आतल्या जाणिवेकडे अधिक गेले. मूल थोडा वेळ झटका दाबू शकते, पण दाबलेली शिंक किती वेळ थोपणार?

कान तेच, मग त्रास जास्त का?

अमेरिकेतील संशोधकांनी २०११ साली टुरेटचे १९ रुग्ण आणि तितक्याच निरोगी व्यक्ती तपासल्या. पाचांतील चार रुग्णांनी सांगितले की स्पर्श, आवाज, वास, उजेड आम्हांला फार जाणवतात. परंतु स्पर्श आणि वास ओळखण्याची प्रत्यक्ष परीक्षा घेतली, तेव्हा दोन्ही गटांत फरक निघाला नाही. विशेष म्हणजे मोठा आवाज किंवा जोराचा स्पर्श बहुतेकांना सोसत होता. छळत होते ते बारीक, सतत, पुन्हा पुन्हा होणारे.

आपल्या भाषेत सांगायचे तर पाटाला पाणी सर्वांना सारखेच येते. ज्या वाफ्याला पाणी नको, त्याचे तोंड आपण मातीने बुजवतो. निरोगी माणसाचा मेंदू असेच करतो. अंगातला शर्ट टोचतो आहे की नाही, हे आपल्याला दिवसभर आठवतही नाही. या मुलांच्या मेंदूत ते तोंड नीट बुजत नाही, असा तज्ज्ञांचा कयास आहे. पाणी थोडेच, पण सारखे झिरपत राहते.

घरी व शाळेत काय करावे?

१) शर्टाच्या कॉलरमागची चिठ्ठी उसवून काढावी. मऊ, धुतलेला, सैल कपडा द्यावा.

२) कुरकुरणाऱ्या पंख्याला तेल द्यावे, टिकटिकणारे घड्याळ दुसऱ्या खोलीत लावावे.

३) "थांब, करू नको" असे सारखे म्हणू नये, नक्कल तर मुळीच करू नये. ताण, थकवा वाढला की झटके वाढतात.

४) गुरुजींना भेटून सांगावे. वर्गाबाहेर दोन मिनिटे जाऊ दिले तरी मुलाला पुष्कळ आराम पडतो.

५) डॉक्टरांना अवश्य दाखवावे. झटक्याबरोबर शुद्ध हरपली, तर ती फिट असू शकते; तेव्हा वेळ दवडू नये. टिकवर औषधे आहेत, तसेच कळ ओळखून तिला दुसऱ्या हालचालीने वळण देण्याची शिकवणीही आहे. २०२२ साली सुरू झालेल्या टेली-मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो.

आपल्या जिल्ह्यात असे मूल दिसले की पुष्कळजण 'बाहेरचे काही' समजून सैलानीला नेतात. श्रद्धेला आमची ना नाही. पण दवाखाना चुकू नये आणि मुलाला मार तर मुळीच बसू नये.

ते सभासद पुढे पावतीसाठी पुन्हा आले, तेव्हा पोरगं बरोबर होतं. आम्ही पंखा बंद केला आणि त्याला जवळ बसवून घेतले. मान उडत होती. आम्ही काही बोललो नाही. आधी हेच करायला हवे होते.

आपला,
ऊस विकास अधिकारी