कर्करोगातून वाचलेल्या मुलांचा उरलेला प्रश्न

पुणे-सातारा महामार्गावर कापूरहोळला भोरचा फाटा फुटतो. भोरकडच्या गावांतून मोठ्या दुखण्याचा रुग्ण निघाला की याच फाट्यावर त्याची वाट पुण्याकडे वळते, आणि दुखणे कर्करोगाचे असले तर पुष्कळदा मुंबईला, परळच्या टाटा स्मारक रुग्णालयापर्यंत जाते. रुग्ण आठ-दहा वर्षांचे मूल असेल तर आईबापांच्या मनात एकच प्रश्न असतो : पोर वाचेल ना? काही दशकांपूर्वी याचे उत्तर बहुधा नकारार्थी असे. आज मुलांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या रक्ताच्या कर्करोगात, उपचार वेळेवर आणि पुरते झाल्यास, बहुसंख्य मुले बरी होऊ शकतात. त्यामुळेच एक दुसरा प्रश्न पुढे आला आहे आणि तो पहिले औषध शिरेत जाण्यापूर्वीच विचारला पाहिजे. बऱ्या झालेल्या या मुलाला उद्या स्वतःचे मूल होईल काय?

सायक्लोफॉस्फामाइडसारखी औषधे मोठ्या मात्रेत दिली, किंवा ओटीपोटावर किरणोपचार केले, तर रोगाच्या पेशींबरोबर प्रजननाच्या पेशीही नष्ट होऊ शकतात. मुलगी जन्मते तेव्हा तिच्या अंडाशयांत दहा ते वीस लाख बीजे असतात. वयात येईतो त्यांतील तीन-चार लाख उरतात. हा साठा पुन्हा भरून निघत नाही. अर्थात प्रत्येक उपचार इतका घातक नसतो. रक्ताच्या कर्करोगाच्या नेहमीच्या उपचारात हा धोका पुष्कळ कमी असतो, अस्थिमज्जा-रोपणापूर्वीच्या तीव्र उपचारात तो फार मोठा असतो. कोणत्या मुलाच्या वाट्याला काय येणार आहे, हे उपचार ठरविणाऱ्या डॉक्टरला आधीच बरेचसे सांगता येते.

वयात आलेल्या मुलाच्या बाबतीत उपाय अगदी साधा आहे. उपचारापूर्वी त्याचे वीर्य घेऊन गोठवून ठेवावयाचे. त्याला एक-दोन दिवस पुरतात. वयात आलेल्या मुलीची स्त्रीबीजे काढण्यास संप्रेरकांची इंजेक्शने देत सुमारे दोन आठवडे थांबावे लागते आणि तेवढी सवड रोग नेहमीच देतो असे नाही. त्याहून लहान मुलीसाठी अंडाशयाचा तुकडा दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने काढून गोठविण्याचा मार्ग आहे. असा तुकडा पुन्हा बसवून झालेले जगातील पहिले बाळ २००४ साली बेल्जियममध्ये जन्मले. पाळी सुरू होण्यापूर्वीच काढलेल्या तुकड्यापासूनही पुढे मातृत्व लाभले आहे. मात्र रक्ताच्या कर्करोगात त्या तुकड्याबरोबर रोगाच्या पेशीही परत जाण्याची भीती असते. वयात न आलेल्या मुलग्याच्या वृषणाचा तुकडा जतन करणे अद्याप प्रयोगाच्याच पायरीवर आहे, आणि आईबापांना तसे स्वच्छ सांगितले पाहिजे.

ही विद्या महाराष्ट्राला परकी नाही. टाटा रुग्णालय १९४१ पासून परळला आहे. त्याच्या हाकेच्या अंतरावर, केईएम रुग्णालयात, ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांनी परीक्षानलिकेतील बालक जन्माला आले, तेही परळमधल्याच प्रजनन संशोधन संस्थेच्या सहकार्याने. एका उपनगराच्या पोटात दोन्ही शास्त्रे शेजारी नांदत आली. अडचण आहे ती बोलण्याची. तेरा-चौदा वर्षांच्या मुलासमोर वीर्याचा विषय काढावयास बापाला लाज वाटते, डॉक्टरला घाई असते आणि जीवावरच्या दुखण्यात हे कसले बोलणे, असे म्हणून तो विषय मागे पडतो. त्याची किंमत दहा-पंधरा वर्षांनी चुकवावी लागते. मुलीला तर लग्नाच्या बाजारात अधिकच. आपल्या समाजात मूल न होण्याचा दोष कोणाच्या माथी मारला जातो, हे सांगावयास नको.

एक आक्षेप रास्त आहे. जेथे उपचार अर्धवट टाकून घरी परतणारी मुले आहेत, तेथे पैसा आधी जीव वाचविण्यास लावावा, असे कोणी म्हणेल. परंतु माहिती देण्यास पैसा लागत नाही आणि वीर्य गोठविण्याचा खर्च कर्करोगाच्या एकंदर खर्चापुढे किरकोळ आहे. तो कोणी सोसावा, हा प्रश्न मात्र शासनाने टाळलेला आहे. २०१८ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेने कर्करोगाचे उपचार पदरात घेतले, तथापि प्रजननविषयक उपचार वगळले. वंध्यत्वाचा इलाज ही चैन, असा त्यामागचा हिशेब असावा. ज्या औषधामुळे हे वंध्यत्व येते ते योजनेतूनच दिले जाते, याचा त्या हिशेबात विचार झालेला दिसत नाही. २०२१ चा साहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान कायदाही एकवीस वर्षांवरील स्त्रीपुरुषांना सेवा देण्याची भाषा बोलतो. दहा वर्षांची रुग्ण मुलगी तो लिहिणाऱ्यांच्या नजरेसमोर नसावी.

मुंबई-पुण्याच्या शासकीय रुग्णालयांत अशी एखादी पेढी उघडली तरी काम तेथे संपणार नाही. उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये पेशी वर्षानुवर्षे टिकतात, पण साठवणीचे शुल्क दरसाल भरावे लागते. दहा वर्षांच्या मुलीचा ठेवा पंधरा-वीस वर्षे सांभाळावयाचा तर शुल्काची सूचना भोर तालुक्यातील कोणत्या पत्त्यावर जाणार, बाप मागे राहिला नाही तर ती कोण उघडणार आणि मुलगी सज्ञान झाल्यावर हा ठेवा आपला आहे हे तिला कोण कळविणार? पेढीची नोंदवही पहिल्या दिवसापासून मुलीच्या नावे असावी आणि ती सज्ञान होईपर्यंतचे शुल्क योजनेतूनच भरले जावे.